मार्चएंड, हळद आणि सहा दिवसांचा पगार

मा. सरकारी कामगार अधिकारी, हिंगोली यांस,



मी हिंगोलीच्या बाजारपेठेत दुकानांची खाती लिहितो. जीएसटी, पगारपत्रक, हजेरीपट, बोनसचा हिशेब, असलं सगळं. माझं गिऱ्हाईक म्हणजे मालक. पण रात्री नवाच्या पुढे, शटर खाली ओढून झाल्यावर, कधीकधी त्यांच्याकडची माणसंही येतात. "काका, एवढं बघता का?" म्हणतात आणि मोबाइल पुढे करतात. त्यावर बहुतेकदा बँकेचा मेसेज असतो. पगार जमा झाल्याचा, आणि धरून चाललेल्या रकमेपेक्षा कमी.

हे पत्र त्या मेसेजांबद्दल आहे. मालक, मॅनेजर आणि कामगार तिघांनीही वाचावं म्हणून खुलं लिहितोय, आणि आत्ता लिहितोय कारण नवं वर्ष तोंडावर आलंय. २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ भरपगारी सणसुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून, वर्ष सुरू होण्याआधी ठरवायच्या असतात. असं बसून ठरवणारं एकही दुकान हिंगोलीत माझ्या पाहण्यात नाही. दसऱ्याला रामलीला मैदानावर सगळं गाव लोटतं, आणि त्या गर्दीला कपडे, मिठाई, गाड्या विकणारा माणूस काउंटरच्या आत असतो. त्याला कामावर बोलवायला कायद्याची ना नाही. पण ठरलेल्या सणसुट्टीला कामावर घेतलं तर दुप्पट पगार आणि शिवाय बदली सुट्टी, असं लिहिलेलं आहे. हे मी सांगितलं तर लोकांना वाटतं मी मुंबईचं काहीतरी सांगतोय.

आता मूळ गोष्ट. एका मार्चमधली. सेनगाव तालुक्यातला एक पोरगा शहरातल्या दुचाकीच्या शोरूममध्ये सेल्सला आहे. घरी दोन एकर हळद. हळद खणून झाली, ढीग लागला आणि शिजवायच्या कुकरचा नंबर आला. तुम्ही दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आला असाल तर सांगतो, कुकरवाला एकेकाच्या शेतावर पाळीनं फिरतो. तुमची पाळी आली की पाणी, जळण, माणसं तयार पाहिजेत. तुम्ही तयार नसलात तर तो पुढच्या शेतावर जातो आणि खणलेला माल पडून राहतो. त्या दिवसांत घरातला प्रत्येक हात लागतो, नोकरीवाल्याचाही.

पोरानं आदल्या रात्री मॅनेजरला व्हॉट्सॲप केलं, "सर उद्यापासून ४ दिवस सुट्टी पाहिजे, हळद शिजवायची आहे." निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. तो गुरुवार, शुक्रवार, शनिवार आणि सोमवार गेला नाही. मंगळवारी गेला तर मॅनेजर सगळ्यांदेखत म्हणाला, "मार्चएंड हाय, टार्गेट बोंबललंय, अन् तू हळदी शिजवतोय?" पोरगाही गरम डोक्याचा. "हळद इकली तरच लोक तुमची गाडी घेतेत," म्हणाला. उत्तर बिनतोड होतं. पण तिथं ते देऊन उपयोग नव्हता.

महिना संपला. पगार १४,००० ठरलेला, खात्यावर ११,२०० आले. तो मेसेज घेऊन तो माझ्याकडे आला. मी हिशेब मांडला. दिवसाला ४६६ रुपये आणि काही पैसे; कापलेले २,८०० म्हणजे सहा दिवस. खाडे तर चारच. पाचवा दिवस मधला रविवार, म्हणजे शोरूमची हक्काची साप्ताहिक सुट्टी. "दोन्ही बाजूनं खाडा असला की मधला रविवारपण जातो, आपल्याकडं असंच हाय," असं त्याला सांगितलं गेलं होतं. सहावा दिवस दंडाचा. दंड कशाचा, कोणत्या नियमानं, याला उत्तर नव्हतं.

शोरूममध्ये अकरा माणसं. म्हणजे दहाच्या वर, तेव्हाच्या नियमानं कायदा लागू. कलम १८ काढलं. वर्षात २४० दिवस काम झालं की पुढच्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. पोरानं आदल्या वर्षी २९० दिवस भरले होते. चौदा दिवस त्याच्या नावावर जमा. शिवाय वर्षाला आठ दिवस सीएल, म्हणजे किरकोळ रजा, तिमाहीगणिक खात्यावर पडणारी. साप्ताहिक सुट्टीचा पगार तर कापताच येत नाही. म्हणजे ज्याच्या नावावर दोन आठवड्यांची रजा पडून होती, त्याचे सहा दिवस कापले गेले होते. त्याला हे ठाऊक नव्हतं. मॅनेजरलाही ठाऊक नव्हतं, आणि हे मी त्याची बाजू घेऊन म्हणत नाही.

पण पोराचंही एक लंगडं होतं. कायद्यात ही रजा पंधरा दिवस आधी अर्ज करून मागायची आहे. यानं आदल्या रात्री मेसेज टाकला. कुकरचा नंबर पंधरा दिवस आधी कळत नाही हे खरं, पण मार्चमध्ये कधीतरी चार दिवस लागणार हे फेब्रुवारीतच कळतं. मी त्याला म्हणालो, बाबा, पुढच्या वर्षी फेब्रुवारीतच अर्ज दे, "मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चार दिवस" असा. दोन प्रती काढ. एक त्यांना, दुसरीवर तारखेसह पोच. पोच देत नसतील तर पोचपावतीसह टपालानं पाठव. मंजूर झाली तर झालीच. नाकारली तर नाकारल्याचं कागदावर राहतं आणि रजा खात्यावर राहते. ४५ दिवसांपर्यंत साठते. मेमो मिळाला तर फाडायचा नाही, सही नाकारायची नाही. "मिळाला, मजकूर मान्य नाही" असं लिहून सही करायची. आणि काही झालं तरी रागानं घरी बसायचं नाही. मालकाला तेच हवं असतं. न सांगता गैरहजर, या एका शेऱ्यावर पोरगा बाहेर जातो आणि मग रजेचा मुद्दा कुणाच्या लक्षातही राहत नाही.

आम्ही एक साधा अर्ज लिहिला. भांडणाचा सूर नाही, कुणाचं नाव नाही. अमुक तारखांची गैरहजेरी जमा रजेतून वजा करावी, रविवारची आणि दंडाची कपात परत करावी, कलम अमुक. मॅनेजरनं तो वाचलाच नाही, वर पाठवला. मालक दुसऱ्या शहरात राहतात. त्यांनी आठवडाभरानं फोन केला, कलमाचा आकडा विचारला, आणि पुढच्या पगारात २,८०० रुपये आले. दिलगिरी नाही, खुलासा नाही, पैसे आले. त्यानंतर बरेच दिवस चांगलं गिऱ्हाईक आलं की मॅनेजर दुसऱ्या पोराला हाक मारायचा. याला कोणतंही कलम लागत नाही.

त्या मॅनेजरबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण अशा भांडणात सगळा राग त्याच्यावर निघतो. "मी चार वर्षांत सलग दोन दिवस घरी राहिलेलो नाही," हे तो माझ्यासमोर अभिमानानं म्हणाला होता. कंपनीचं टार्गेट त्याच्या डोक्यावर, मालकाचा फोन सकाळ-संध्याकाळ. आणि गंमत अशी की हा कायदा त्याला स्वतःला लागू नाही. व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या जागांवरची माणसं यातून वगळलेली आहेत. ज्याच्याकडे रजा मागायची, त्याच्याच नावावर कायद्यानं एकही रजा नाही. असा माणूस दुसऱ्याच्या रजेकडे कसा बघेल? त्याला ती चैनच वाटणार. म्हणून मी पोरांना सांगतो, मॅनेजरशी वाद घालू नका, अर्ज मालकाच्या नावानं लिहा आणि मॅनेजरला नमस्कार करा.

मालकाची अडचण खोटी आहे असंही मी म्हणणार नाही. मी त्यांच्याच पैशांवर जगतो आणि त्यांचे हिशेब मला दिसतात. दसरा-दिवाळी, लग्नसराई, पाडवा, अक्षयतृतीया, एवढ्यावर वर्ष निघतं. त्याच वेळी अकरातल्या पाच जणांना घरी जायचं असतं. सोयाबीनची काढणी आणि दसरा एकत्र येतात, हळदीचं शिजवणं आणि मार्चएंड एकत्र येतात. पण हे दरवर्षीच येतं ना? वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हिंगोलीत संत नामदेवांच्या नावानं हळदीचा मार्केट यार्ड आहे, एप्रिल-मेमध्ये तिथं गाड्यांच्या रांगा लागतात आणि त्याच पैशांवर दुचाकीची शोरूम चालतात. ज्या जिल्ह्याचा बाजार हळदीवर उभा आहे, तिथल्या शोरूमला मार्चमध्ये पोरं शेतावर जाणार याचा अंदाज फेब्रुवारीत येऊ नये? भिंतीवर एक तक्ता लावून कोणी कोणत्या आठवड्यात जायचं हे आधी वाटून घेतलं तर ना टार्गेट बुडतं ना हळद.

महोदय, भरपगारी रजा ही काही परवा आलेली चैन नाही. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टीसुद्धा नव्हती. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ पासून सभा, अर्ज, सह्या करत ती मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पडली. रविवार हा खंडोबाचा वार, हे कारणही त्या मागणीला जोडलं होतं असं सांगतात. मला ते फार आवडतं, कारण घरच्या देवासाठी, घरच्या कामासाठी सुट्टी मागायला लाज वाटू नये याचं ते जुनं उदाहरण आहे. ती आठवड्याची सुट्टी झाली. वर्षाकाठी पगारासह रजा यायला आणखी अर्धं शतक गेलं. १९३६ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं भरपगारी सुट्ट्यांचा करार केला. आपल्याकडे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं १९४२ ते १९४६ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं आणि त्याच काळात, १९४५ साली, कारखाने कायद्यात भरपगारी सुट्टीची दुरुस्ती झाली. तेव्हा हिंगोली निजामाच्या राज्यात होती. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथं लागू नव्हते, आणि मराठवाडा मुक्तीचा १७ सप्टेंबर १९४८ अजून उजाडायचा होता. म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीला ही रजा उशिरा मिळायचं कारण राज्य वेगळं होतं. नातवांना अजून मिळत नाही, त्याला कारण काय द्यायचं?

आणि ज्यांचं राज्य, कायदा, मस्टर यातलं काहीच नाही, त्यांचं तर वेगळंच. आपल्या मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांकडून एक दिवस चुकला की मुकादम खाडा भरून घेतो. काम बुडालं म्हणून मजुरी जाते आणि वर दंडही बसतो. पाळीच्या दिवसांचा खाडा नको म्हणून बायकांनी गर्भाशयं काढून टाकल्याच्या बातम्या २०१९ साली बीडमधून आल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीनं पाहणी केली तेव्हा बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. शोरूममधल्या पोराचे सहा दिवस आणि हे, एका मापात मोजता येणार नाही. पण आजारपण किंवा घरचं काम हा कामगाराचा गुन्हा आणि त्याचा भुर्दंड त्यानंच भरायचा, ही समजूत दोन्हीकडे एकच आहे.

कायद्याचं पुढं काय होणार, याची मला जास्त चिंता आहे. २०१७चा कायदा आला तेव्हाच दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानांना नोंदणीतून सुटका मिळाली. त्यांनी फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, आणि रजेची कलमं त्यांना लागू नाहीत. हिंगोलीत दहाच्या वरची दुकानं किती निघतील हे मोंढ्यापासून चालत निघालात तर तासाभरात कळेल. काही ठिकाणी कागदावर नऊ आणि काउंटरमागे चौदा असतात, हे मी सांगायला नको. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं हा उंबरठा दहावरून वीसवर न्यायचं आणि कामाचे तास नवाचे दहा करायचं ठरवलं. मुंबई-पुण्याच्या मॉलला याचा फरक पडत नसेल. आमच्याकडे याचा अर्थ जवळपास सगळा बाजार रजेच्या कायद्याबाहेर. त्या शोरूममध्ये अकरा माणसं होती म्हणून २,८०० परत आले. तेव्हाच उंबरठा वीसचा असता तर मी त्या पोराला कोणतं कलम दाखवलं असतं? दुसरीकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यांत भरपगारी रजेसाठी २४० ऐवजी १८० दिवसांची अट आहे. बाजारात दोन्ही आकडे फिरताहेत; मालक मोठा आकडा सांगतात, कामगारांनी लहान ऐकलेला असतो.

तुमच्याकडे मागणं मांडतो. ते फार मोठं नाही आणि नवा कायदा लागत नाही.

मतदानाच्या दिवशी काय होतं ते आठवा. २६ एप्रिल २०२४ ला हिंगोली लोकसभेचं मतदान झालं, २० नोव्हेंबरला विधानसभेचं. दोन्ही वेळा शासनाचं पत्रक निघालं, मतदानासाठी भरपगारी सुट्टी, नाहीतर किमान काही तासांची सवलत, न दिल्यास कारवाई. पेपरात आलं, मोबाइलवर फिरलं. पानटपरीवरचा माणूसही त्या दिवशी मालकाला "सुट्टी हाय आज" म्हणू शकत होता. लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं हे एक कलम गावातल्या पोराला पाठ आहे, आणि वर्षभर लागू असलेलं कलम १८ मॅनेजरलाही माहीत नाही. फरक फक्त पत्रकाचा आहे. मग दर डिसेंबरात तसंच एक पत्रक तुमच्या सहीनं का निघू नये? एका पानाचं, मराठीत. आठ सणसुट्ट्या, आठ सीएल, वीस दिवसांमागे एक, १८० की २४० यातला आपल्याकडे कोणता आकडा धरायचा तो, आणि अर्ज कुठं करायचा तो पत्ता. व्यापारी महासंघाला द्या, बाजार समितीत लावा, वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगावच्या बसस्थानकांवर लावा. बांधकाम कामगारांच्या भांड्यांच्या संचाची बातमी या जिल्ह्यातल्या शेवटच्या वाडीपर्यंत एका दिवसात पोचते, तेव्हा पोचवण्याचे रस्ते आहेत हे आपण दोघंही जाणतो.

त्या पत्रकाबरोबर रजेचं एक कार्ड असावं. कामगाराकडे राहणारं, मालकाची सही असलेलं, जमा किती आणि घेतली किती एवढे दोनच रकाने. आज हा हिशेब माझ्यासारख्याच्या संगणकात किंवा मालकाच्या डोक्यात असतो, आणि भांडण झालं की दोन्हीकडून वेगवेगळा आठवतो. कार्ड असतं तर त्या मंगळवारी मॅनेजरनं "तू हळदी शिजवतोय?" असं विचारलंच नसतं, असं नाही, पण पोराला मला शोधत रात्री नवाला यावं लागलं नसतं.

दंड, खटला हे मी मुद्दाम मागत नाही. कायद्यात एक लाखापर्यंत दंड आहे, पण तपासनीसाचं नाव बदलून आता सुविधाकार झालंय आणि तपासणीची नावं संगणक काढतो. शिवाय खटला भरला गेला तर साक्षीला त्याच पोराला उभं राहावं लागणार, त्याच मॅनेजरसमोर, सेनगावच्या त्याच बसनं येऊन. तुमच्या एका फोननं किंवा एका पत्रानं जेवढं होतं, तेवढं या आकाराच्या गावात खटल्यानं होत नाही. मालकाला समाजात तोंड दाखवायचं असतं. हे आमच्या गावाचं वैगुण्य नव्हे, तुमच्या हातातलं हत्यार आहे.

शेवटची एक अडचण, जी फक्त तुम्हीच सोडवू शकता. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाचा पाच दिवसांचा आठवडा झाला. शनिवार-रविवार तुमचं कार्यालय बंद, आणि ती सुट्टी तुमच्या हक्काची आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दुकानातल्या माणसाला आठवड्यात मोकळा दिवस एकच, तोही मिळाला तर, आणि बहुधा तो रविवारच. रजा मिळत नाही ही तक्रार द्यायला त्याला तुमच्याकडे कामाच्या दिवशी यावं लागतं, म्हणजे त्यासाठी आधी रजा काढावी लागते. महिन्यातला एक रविवार, सकाळी दहा ते एक, एक कर्मचारी आणि एक आवक नोंदवही एवढं चालू ठेवता आलं तर बघा. त्या कर्मचाऱ्याला बदली सुट्टी अर्थातच द्यावी. पहिल्या रविवारी कुणी आलं नाही तर मी येतो, दोन-तीन जणांना घेऊन.

कळावे,

आपला,
हिंगोलीच्या बाजारातला एक हिशेबनीस